पाण्याआधीची फेरी

धरणाच्या पायथ्याशी वीजघर होतं आणि वीजघराखालची चार किलोमीटर नदी तिची होती. तिची म्हणजे कागदावर नव्हे. कागदावर ती कंत्राटी कामगार होती, हुद्दा ‘नदीपात्र पाहणी’. पण दुपारी पावणेचार ते सव्वापाच या वेळात त्या चार किलोमीटरमध्ये तिच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं, पाणीसुद्धा.

दिवसभर वीजघराची दोन्ही यंत्रं बंद असायची. वर धरणात पाणी साठत राहायचं आणि खाली नदी घोट्याएवढी, फार तर गुडघ्याएवढी. संध्याकाळी शहरातली माणसं घरी परतायची, दिवे-पंखे-लिफ्ट सगळं एकदम सुरू व्हायचं, तेव्हा शहराची वीज वाटणाऱ्या भार केंद्राच्या वेळापत्रकाप्रमाणे यंत्रं चालू करायची. यंत्रं फिरवून बाहेर पडलेलं पाणी नदीत यायचं आणि दहा-बारा मिनिटांत गुडघ्याची नदी छातीएवढी व्हायची. भोंगा होता. तीनदा वाजायचा. पण वळणावळणाच्या कड्यांमुळे तो कुठे ऐकू यायचा, कुठे अजिबात नाही, आणि ज्यांना ऐकू यायचा त्यांच्या कानाला तो इतका सरावला होता की कोणी मानही वर करत नसे.

बारा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तीन माणसं वाहून गेली. त्यानंतर नियम झाला: पाणी सोडण्याआधी एका माणसाने नदी पायी चालायची, पात्रात कोणी असेल त्याला बाहेर काढायचं, आणि चौथं वळण संपून पूल आला की वॉकी-टॉकीवर सांगायचं, ‘नदी मोकळी आहे.’ हे तीन शब्द आल्याशिवाय झडप उघडायची नाही. शहर अंधारात राहिलं तरी चालेल, असं नियमात स्पष्ट लिहिलं होतं.

हे काम नऊ वर्षं ती करत होती. लोक तिला फेरीवाली म्हणायचे.

“काय गं फेरीवाले, आज काय विकायला आणलंस?” खडकावर कपडे धुणाऱ्या बायका विचारायच्या.

“पाणी,” ती म्हणायची. “घरपोच देते. उठा आता.”

बायका हसत हसत बादल्या उचलायच्या. गळ टाकून बसलेले म्हातारे मात्र सहजी हलत नसत. ‘आत्ताच लागलाय गं, दोन मिनिटं’ हे त्यांचं ठरलेलं. ती त्यांच्या मागे काठी टेकून उभी राहायची आणि काही बोलायची नाही. दोन मिनिटांनी ते आपणहून उठायचे. बडबडीपेक्षा नुसतं उभं राहिल्याने माणूस लवकर उठतो, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती.

नदी सुंदर होती, हे ती कोणाला सांगायला गेली नसती. पण पहिल्या वळणावर गोल गोट्यांमधून पाणी निसटताना जो आवाज व्हायचा तो ऐकायला ती रोज दहा पावलं हळू चालायची. दुसऱ्या वळणावर लव्हाळी होती आणि तिच्यावर झुकलेल्या ठरलेल्या फांदीवर एक खंड्या बसलेला असे. तिसरं वळण सगळ्यात अरुंद. तिथे दोन्ही बाजूंचे कडे जवळ आले होते, खडक काळे आणि घासून घासून लोण्यासारखे गुळगुळीत झालेले, आणि दुपार कलली की पश्चिमेकडच्या कड्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी नेमकी पाण्यावर पडायची. पाण्याचा तळ तेवढ्या पट्टीत दिसायचा, एकेक खडा मोजता यावा इतका. यंत्रं सुरू झाली की हे सगळं पाण्याखाली जायचं आणि नदी दुसरीच कोणी व्हायची, रुंद, मातकट हिरवी, घाईत असलेली. तीही तिला आवडायची. दोघींपैकी खरी कोणती, असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

वॉकी-टॉकीच्या दुसऱ्या टोकाला बहुतेक दिवशी तिचा दादा असायचा. तो वीजघराच्या नियंत्रण कक्षात पाळीप्रमुख होता. घरी तो तिला चिडवायचा, तिच्या हातच्या चहाला नावं ठेवायचा, पण वॉकी-टॉकीवर दोघं परक्यासारखी बोलत. “फेरी बोलतेय. नदी मोकळी आहे.” “ऐकलं. पाच वाजून सतरा.” इतकंच.

त्या दिवशी ती तिसऱ्या वळणावर पोहोचली तेव्हा पाच वाजायला दोन-तीन मिनिटं कमी होती. तिच्या वाटेत, अगदी समोर येईल अशा एका सपाट खडकावर कपडे ठेवलेले दिसले. पांढरा शर्ट, बाह्या आत घालून दुकानात ठेवतात तसा घडी केलेला. त्यावर चष्म्याचं घर. त्याखाली मनगटी घड्याळ, वाऱ्याने शर्ट उडू नये म्हणून ठेवल्यासारखं. खाली चपला शेजारी शेजारी, पाण्याकडे तोंड करून.

पोहणारी माणसं असे कपडे ठेवत नाहीत. पोहणारे कपडे फेकतात.

तिने हाक मारली. कड्यांनी ती परत केली. तिने वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. “फेरी बोलतेय. तिसऱ्या वळणावर कपडे दिसलेत. माणूस शोधतेय. नदी मोकळी नाही.”

“ऐकलं,” दादा म्हणाला. “वेळ आहे अजून. बघ.”

पात्राच्या मधोमध एक मोठा खडक होता, माणसाच्या दुप्पट उंच. त्याच्या आडोशाला काय आहे ते काठावरून दिसत नसे. ती बुटांसकट पाण्यात उतरली आणि काठीने तळ चाचपत खडकाला वळसा घालून पलीकडे गेली.

तिथे एका बसक्या दगडावर तो बसला होता. अंगात बनियन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पाण्यात. पाठ धरणाकडे. तिने मागून त्याचे मोठे, बाहेर आलेले कान पाहिले आणि ओळखलं.

वीजघरात त्याला सगळे गव्हर्नर म्हणायचे. यंत्राचा वेग आवरून धरणारा जो भाग असतो त्याला गव्हर्नर म्हणतात, आणि हा माणूस एकतीस वर्षं ते वीजघर तसंच आवरून धरून होता. निवृत्त होताना तो तिथला प्रमुख होता. दादाला त्यानेच शिकवलं. बारा वर्षांपूर्वी ती तीन माणसं गेल्यावर फेरीचा नियमही त्यानेच लिहिला, आणि नऊ वर्षांपूर्वी तिला या कामावर घेताना मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता: “तुझा भाऊ घाई कर म्हणाला तर काय करशील?” “घाई नाही करणार,” ती म्हणाली होती. “ये उद्यापासून,” तो म्हणाला होता.

“साहेब,” ती आता म्हणाली, “वर चला. पाणी सुटायची वेळ झाली.”

त्याने मान वळवली नाही. “पाच वीसला पहिलं यंत्र, पंचवीसला दुसरं. मला सांगतेस?”

“मग उठा.”

“तू हो पुढे. फेरी पुरी कर.”

“तुम्ही उठल्याशिवाय कशी पुरी करू?”

“मी तुला दिसलो नाही असं समज.”

“दिसलात की,” ती म्हणाली.

पाणी त्याच्या नडग्यांभोवती फिरून पुढे जात होतं. तिच्या लक्षात आलं की याला काय म्हणावं ते आपल्याला सुचत नाहीये. लोकांना नदीतून उठवण्याची तिच्याजवळ जी काही वाक्यं होती ती सगळी बादल्या नि गळ घेऊन बसलेल्यांसाठी होती. शेवटी ती त्याच्या शेजारच्या दगडावर बसली. दगड निसरडा होता, तिला काठी रोवून तोल सावरावा लागला.

“झालं काय, साहेब?”

“काही झालं नाही.” मग तो यंत्राची नोंद सांगावी तसा सांगू लागला. “बायको गेली त्याला आठ महिने झाले. अकरा वर्षं अंथरुणावर होती, तुला माहीतच आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचो. रात्रीसुद्धा. आता दर दोन तासांनी मला जाग येते, आणि वळवायला कोणी नसतं.” त्याने हात पाण्यात घातला आणि काढला. “इतकंच आहे. बाकी तब्येत ठणठणीत आहे माझी.”

वॉकी-टॉकी खरखरला. या वेळी दादाचा आवाज वेगळा होता.

“फेरी. आत्ता भार केंद्रातून फोन आला. कोळशावरचं मोठं वीज केंद्र बंद पडलंय, पाच सहाला. अर्धं शहर बंद आहे. त्यांना आपली दोन्ही यंत्रं ताबडतोब हवीत. तुझं काय?”

“मोकळी नाही,” ती म्हणाली.

“माणूस सापडला?”

म्हाताऱ्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. चष्म्याशिवाय त्याचे डोळे उघडेबोडके वाटत होते. त्याने मान हलवली, अगदी थोडी. नाही म्हण.

“नाही,” ती म्हणाली. “कपडेच आहेत नुसते. शोधतेय.”

“लवकर बघ गं.” आणि मग, परक्यासारखं बोलायचं विसरून, “अधीक्षक साहेब डोकं खातायत इथे.”

तिने बटण सोडलं. दादाशी ती आजवर वॉकी-टॉकीवर खोटं बोलली नव्हती.

“दोन्ही संच पडले का कोळशाचे?” म्हाताऱ्याने विचारलं.

“मला काय कळतंय त्यातलं. तुम्हीच विचारा.” तिने वॉकी-टॉकी पुढे केला. त्याने घेतला नाही, पण त्याचा हात अर्ध्यापर्यंत आला आणि थांबला, ते तिने पाहिलं.

“ते आता सकाळपर्यंत उठायचं नाही,” तो पुटपुटला. “बॉयलर तापायलाच तास न् तास जातात. अशा वेळी पाणीच लागतं. चार मिनिटांत उभं राहतं पाणी. सरकारी दवाखान्यात जनरेटर आहे ना अजून?”

“असेल.”

“चालतो का?”

“चालत असेल. नसेलही.”

उन्हाची पट्टी त्या मोठ्या खडकावरून सरकत खाली येत होती. वॉकी-टॉकी आणखी दोनदा बोलला. दोन्ही वेळा तिने तेच सांगितलं, मोकळी नाही, आणि दुसऱ्या वेळी दादाच्या मागे अधीक्षकांचा चढलेला आवाज तिला ऐकू आला. ‘कपडे आहेत ना नुसते? भोंगा द्या आणि सोडा.’ आणि त्याच्यावर दादाचा आवाज, न चढवलेला: ‘ती मोकळी म्हणाल्याशिवाय मी झडप उघडत नाही.’

म्हाताऱ्यानेही ते ऐकलं.

“किती वेळ झाला?” त्याने विचारलं.

तिने घड्याळ पाहिलं. “मागणी आल्यापासून सतरा मिनिटं.”

“सतरा मिनिटं यंत्र अडवून ठेवलंय? माझ्यासाठी?”

“तुमच्यासाठी नाही. नदीत माणूस आहे म्हणून.”

“एकतीस वर्षांत,” तो म्हणाला, “मी चार मिनिटांपेक्षा जास्त यंत्र कधी थांबवलं नाही.” त्याच्या आवाजात दुःखापेक्षा लाज जास्त होती. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, उठायचा प्रयत्न केला आणि त्याला उठता येईना. इतका वेळ गार पाण्यात पाय बधिर झाले होते. तिने त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उभं केलं. चष्म्याशिवाय त्याला पुढचा दगड दिसत नव्हता. “डावा पाय. इथे. आता उजवा,” असं सांगत सांगत तिने त्याला त्या खडकाला वळसा घालून आणलं, शर्ट-चपला काखोटीला मारल्या आणि काठावरच्या पायवाटेवर, पाण्याच्या खुणेच्या चांगलं वर, नेऊन बसवलं. त्याने चष्मा लावला.

“हे कोणाला सांगू नकोस,” तो म्हणाला. “तुझ्या भावाला तर नाहीच. मी शिकवलंय त्याला.”

“नाही सांगत. पण तुम्ही इथून हलायचं नाही.”

“नाही हलत.”

“शपथ घ्या.”

“घेतो. तू चौथं वळण बघ जाऊन. ते सोडू नकोस.”

तिने वॉकी-टॉकीवर सांगितलं, “तिसऱ्यापर्यंत मोकळी. चौथं राहिलंय. धावते.” आणि ती खरंच धावली, ओल्या बुटांनी, पंचेचाळीस वर्षांच्या गुडघ्यांनी. चौथ्या वळणावर कोणी नव्हतं. पुलाखाली आल्यावर तिला बोलायला श्वास पुरेना. “नदी,” ती म्हणाली, थांबली, आणि मग पूर्ण म्हणाली.

“ऐकलं,” दादा म्हणाला. “पाच तेहतीस.”

ती पुलावर थांबली नाही, तशीच वरच्या पायवाटेने मागे वळली. पाणी तिला वाटेतच भेटलं. आधी आवाज नसतो. आधी गोट्यांमधली डबकी एकमेकांना मिळतात, पाण्याची कडा खडकावर बोटभर चढते, मग वीतभर, आणि मग वळणावरून ते येतं, पुढे फेसाची एक ओळ घेऊन, काडीकचरा ढकलत, भरलेल्या घरात पाहुणे शिरावेत तसं सगळीकडून. म्हातारा सांगितल्या जागी बसलेला होता. शर्टाची बटणं त्याने वर-खाली लावली होती. दोघांनी मिळून पाणी चढताना पाहिलं. तो बसला होता तो दगड कधीच पाण्याखाली गेला असणार.

ती त्याला घरी घेऊन गेली, दिवा लावला, चहा केला. वीज आलेली होती. स्वयंपाकघरात एकाच माणसाची भांडी होती आणि आतल्या खोलीत पलंग अजून भिंतीपासून लांब ओढलेला, दोन्ही बाजूंनी फिरता यावं म्हणून. “मी एक दिवसाआड येणार,” ती म्हणाली. “दार उघडलं नाही तर फोडीन. आणि उद्या सकाळी आपण डॉक्टरकडे जातोय. हे दर दोन तासांनी उठणं त्यांना सांगायचं. आजचंही सांगायचं.” दुसऱ्या दिवशी तो निमूट तिच्याबरोबर गेला. डॉक्टर तरुण होती. तिने त्याला तासभर बसवून घेतलं, आणि दर आठवड्याला यायला सांगितलं.

चौकशी चार दिवसांनी झाली. लांब टेबल, पलीकडे तिघं, मध्ये अधीक्षक. अलीकडे ती आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत दादा.

“कपडे दिसले,” ती म्हणाली. “माणूस शोधला. सापडला नाही. चौथ्या वळणावरून परत आले तोवर कपडे नव्हते.”

“म्हणजे कपड्यांना पाय फुटले,” तिघांपैकी एक जण म्हणाला.

“कोणीतरी नेले असतील.”

“आणि त्यासाठी अर्धं शहर सत्तावीस मिनिटं जास्त अंधारात. त्यात दोन इमारतींमध्ये लिफ्टमध्ये माणसं अडकली होती, कल्पना आहे? एक बाई बेशुद्ध पडली.”

तिला कल्पना नव्हती. तिने खाली पाहिलं. शेजारी दादा म्हणाला, “निर्णय माझा होता. नियमाप्रमाणे होता.” अधीक्षक म्हणाले की नियम वापरताना डोकंही वापरायचं असतं.

तिला लेखी ताकीद मिळाली. दादाला नियंत्रण कक्षातून काढून भांडारात पाठवलं. भांडार म्हणजे वीजघराच्या मागची पत्र्याची शेड. नट-बोल्ट, तेलाचे डबे, जुने पंप. सतरा वर्षं ज्याने यंत्रं चालवली तो माणूस आता हातमोज्यांचे जोड देऊन सह्या घेऊ लागला.

त्या रविवारी दादा तिच्याकडे आला. दारातच उभा राहिला.

“एकच विचारतो. होतं ना कोणी?”

“आत तर ये,” ती म्हणाली.

“तू वॉकी-टॉकीवर नाही म्हणालीस तेव्हा तुझा आवाज बदलला. मी नऊ वर्षं ऐकतोय तो आवाज. मी त्या आवाजावर झडप धरून ठेवली, अधीक्षकांच्या तोंडावर नाही म्हणालो. मला खरं ऐकायचा हक्क नाही?”

“आहे,” ती म्हणाली. “पण मला सांगता येत नाही, दादा.”

“बरं,” तो म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो यायचा बंद झाला. वहिनी एकदा भाजी आणायला निघाल्यासारखी पिशवी घेऊन आली, बसली, उठली, पुन्हा बसली. “वन्सं, तुम्ही दोघं लहानपणी भांडलात तर किती दिवस टिकायचं?” तिने विचारलं. “संध्याकाळपर्यंत,” ती म्हणाली. “मग आता म्हातारपणी जमेना का तुम्हाला?” असं म्हणून वहिनी हसली, पण डोळे पुसतच गेली.

फेरी चालू होती. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. सव्वापाचला ती पुलावरून तीन शब्द बोलायची आणि पलीकडून कोणीतरी तरुण माणूस “ऐकलं” म्हणायचा. एक दिवसाआड ती म्हाताऱ्याकडे जायची. त्याची झोप थोडी सुधारली होती. तो आता पलंग भिंतीला लावावा की काय याचा विचार करत होता, म्हणजे तसं म्हणायचा आणि लावायचा नाही. दादाचं तिने त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते त्याच्या गळ्यात दगड बांधल्यासारखं झालं असतं, असं तिला वाटलं. सहा आठवडे ते त्याच्यापासून लपून राहिलं.

मग एका दुपारी तो दाढी करायला गेला आणि शेजारच्या खुर्चीत वीजघराचा जुना वायरमन बसलेला होता. गप्पांत वायरमन म्हणाला की तुमचा चेला बघा, भांडारात हातमोजे वाटतोय.

म्हाताऱ्याने दाढी पुरी करून घेतली. घरी जाऊन कागद काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तो इस्त्रीचा शर्ट घालून अधीक्षकांच्या खोलीत गेला. अधीक्षकही एके काळी त्याच्याच हाताखाली शिकलेले. ते उठून उभे राहिले. त्याने बसायच्या आधी दोन गोष्टी मागितल्या, पाळीप्रमुखाला भांडारातून बोलवा आणि फेरीवालीला बोलवा. दोघं आली. मग त्याने कागद टेबलावर ठेवला आणि दादाकडे पाहून म्हणाला, “तू वाच. मोठ्याने.”

कागद वीजघरातल्या नोंदवहीसारखा लिहिलेला होता, डावीकडे वेळ, उजवीकडे घटना. अक्षर सरळ आणि टोकदार.

“चार पस्तीस,” दादाने वाचलं. “तिसऱ्या वळणावर नदीपात्रात उतरलो. पाच दोन. पाहणी कर्मचारी माझ्यापर्यंत पोहोचली. पाच सहा. भार केंद्राची मागणी. पाच चोवीस. पात्रातून बाहेर.” तो थांबला. “उद्देश. पाणी येईल तेव्हा तेथे असणे.”

खोलीत छताचा पंखा फिरत होता. अधीक्षकांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“पुढे वाच,” म्हातारा म्हणाला.

“पाहणी कर्मचाऱ्याने माझ्या सांगण्यावरून नाव उघड केले नाही. तिने नियमाप्रमाणे काम केले. नियंत्रण कक्षाने नियमाप्रमाणे काम केले. नियम मी लिहिलेला आहे.”

मग अधीक्षक अगदी हळू म्हणाले, “साहेब, हे फाइलला लावलं तर सगळ्यांना कळेल.”

“लावायलाच आणलंय,” तो म्हणाला. “त्याची जागा त्याला परत द्या.”

दादाच्या हातात कागद तसाच होता. त्याने तो टेबलावर ठेवला नाही. म्हाताऱ्यासमोर जाऊन उभा राहिला, काय करावं ते न कळून, आणि शेवटी त्याने फक्त विचारलं, “घरी सोडू का तुम्हाला?”

“चालत जाईन,” म्हातारा म्हणाला. “तू कामावर जा.”

दोन आठवड्यांनी दादा नियंत्रण कक्षात परतला. तिची ताकीद मात्र मागे घेतली गेली नाही. चौकशीत खरं सांगितलं नाही ही गोष्ट खरीच होती, आणि ते तिलाही मान्य होतं. कायम होण्याच्या यादीतून तिचं नाव त्या वर्षी गळलं. म्हाताऱ्याबद्दल गावभर व्हायचं ते झालं. काही जण रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूने जाऊ लागले. काही जण, ज्यांनी त्याची बायको गेल्यापासून दार ठोठावलं नव्हतं, ते येऊन बसू लागले. त्याची मुलगी येऊन त्याला आपल्याकडे घेऊन गेली. तीन महिन्यांनी तो परत आला; तिकडे खिडकीतून नुसत्या भिंती दिसतात, असं कारण त्याने दिलं. पलंग त्याने अखेर भिंतीला लावला.

दादाच्या एका सुट्टीच्या दिवशी, पावणेचारला, तो वीजघराच्या फाटकाशी तिची वाट पाहत उभा होता. पायात जुने बूट, हातात कुठून तरी मिळवलेली काठी.

“येऊ का तुझ्याबरोबर?” त्याने विचारलं.

“चल की.”

सतरा वर्षं त्याने या नदीत पाणी सोडलं होतं आणि फाटकाच्या खाली एकदाही उतरला नव्हता. कामावरून सुटायचा तेव्हा नदी भरलेली असायची, आणि सुट्टीत माणूस कामाच्या जागी कशाला जाईल. पहिल्या वळणावर ती हळू झाली तेव्हा तो विचारायला लागला काय झालं, आणि मग त्यालाही ऐकू आलं आणि तो गप्प झाला. लव्हाळीपाशी खंड्या उडाला. तो निळा रंग पाहून दादा वाटेतच थांबला, ठेचकाळला आणि स्वतःवरच हसला.

तिसऱ्या वळणावर तिने त्याला तो सपाट खडक दाखवला, आणि काठीने तो मोठा खडक. “त्याच्या पलीकडे बसले होते. इकडून दिसत नाही.”

दादाने खडकाला वळसा घालून पलीकडे जाऊन पाहिलं, परत आला, आणि सपाट खडकापाशी बराच वेळ उभा राहिला.

“त्यांना तुझी वेळ माहीत होती,” तो म्हणाला. “रस्ताही माहीत होता. ते पलीकडे होते आणि तुला दिसणार नव्हते. मग कपडे इथे का ठेवले, तुझ्या पायात येतील असे?”

“मीही तेच म्हणते मनात,” ती म्हणाली.

“विचारलंस कधी?”

“नाही.”

“नको विचारूस,” दादा म्हणाला. मग त्याने घड्याळ पाहिलं, आपण सुट्टीवर आहोत हे विसरून. “चल. चौथं राहिलंय.”